दोन सेन्सरची गवाही

अहेरीत माह्यं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिना अन् खाली मी. शाळा दुसरीपर्यंत केली, तीबी मास्तराच्या मेहेरबानीनं. पण गाडीचं काम मले येते असं लोकाईले वाटे, अन् मी त्याईले तसं वाटू देत जाओ.

जवळच्या गावातल्या ढिवर लोकाईची मच्छीमार सोसायटी होती. त्याईनं एक जुनी पेट्रोल जीप घेतली. मोठी, उंच, अन् कॉम्प्युटरवाली. कॉम्प्युटर म्हटलं का मले घाम फुटे, पण 'येत नाई' म्हणाची सवय नोयती. गाडी पळे चांगली, पण उभी राह्यली का हिवताप आल्यावानी थरथरे, काळा धूर सोडे अन् बंद पडे.

सोसायटीचे बुढे अध्यक्ष गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, परवा चंद्रपूरकडून मासोळीची पिल्लं आणाची आहेत. पिशवीत पाणी अन् ऑक्सिजन भरून देतेत, पण दुपारच्या आत तलावात सुटली पाह्यजेत. गाडी रस्त्यात बसली तर पिल्लं मेली. मंग सालभर तलाव खाली, अन् आमी सारे खाली."

"भाऊ, बेफिकीर राहा," मी म्हटलं. "मी सोताच चालवतो गाडी."

प्लग काढले, काळेभोर. साफ केले. हवेचा रस्ता धुतला. तरी थरथर तशीच. मंग माही नजर टेंपरेचरच्या काट्यावर गेली. काटा खालीच लोळून राह्यला. सापडला चोर! त्या गाडीले दोन सेन्सर होते. एक काट्याले सांगे इंजन किती गरम आहे ते, दुसरा कॉम्प्युटरले. इंजन थंड आहे असं कॉम्प्युटरले वाटलं का तो पेट्रोल जास्त ओतते, अन् जास्त पेट्रोलनं गाडी थरथरते. एवढं मले एका शिकलेल्या ड्रायव्हरनं सांगतलं होतं. काट्याचा सेन्सर बदलला. काटा खालीच. कॉम्प्युटरचा बदलला. थरथर तशीच. मी म्हटलं, नवे दोन्हीबी खोटारडे निघाले. दोन साक्षीदार वेगवेगळे बसून एकच गोष्ट सांगतेत, तर ती खरीबी असू शकते, हे माह्या डोक्यात काई आलं नाई.

तरी गेलो. पहाटे निघून चंद्रपूरकडं पिशव्या भरल्या अन् परत निघालो. मांगच्या सीटवर सोसायटीतली एक बाई पिशव्या धरून बसली, समोर बुढे भाऊ. पाऊस झिमझिम सुरू. आलापल्लीच्या अलीकडं फॉरेस्टच्या नाक्यावर बांबू आडवा होता. गाडी उभी केली. थरथरली, खोकलली, बंद.

प्लग पुसले, चालू केली. दोन मिनिटांत परत बंद. परत पुसले, परत बंद. नाकेदार बांबू वर करून वाट पाहून राह्यला.

मांगून बाई बोलली, "मिस्त्री, पिल्लं वरती तोंड काढून राह्यली. त्याईले तुहं नाव सांगू का?"

"बाई, सेन्सर खराब आहे."

"कोणाचा? गाडीचा का तुहा?"

बुढ्या भाऊनं दार खोललं. खाली उतरले अन् रेडिएटरच्या जाड रबरी पाइपवर सरळ हात ठेवला. मी वरडलो, "भाऊ, भाजन!" कारण एकदा रेडिएटरचं झाकण खोलून माह्या भुवया गेल्या होत्या. तवापासून मी मिस्त्री असून गरम इंजनाले हात लावत नोयतो, काटाच पाहात जाओ.

भाऊनं हात तसाच ठेवला. "कोमट आहे."

"कसं होईन? दोन तास पळाली गाडी."

"अरे, साठ वर्सं झाली पाण्यात हात घालून. पिशवीतलं पाणी अन् तलावातलं पाणी हातानंच पाह्यतो, फरक असला का पिल्लं मरतेत. इथीबी पाणीच आहे नं? कोमट आहे म्हणतो मी."

मी भेत भेत बोट लावलं. कोमट! इंजन खरंच थंड होतं. दोन्ही सेन्सर दोन दिवसांपासून खरं सांगत होते, अन् मी त्याईले शिव्या देत होतो.

अन् मंग आठवलं. आमच्याकडे साऱ्या मिस्त्र्याईची एक रीत होती. इंजनात थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते, इंजन तापत नाई तवरी रेडिएटरचं पाणी अडवून धरते. आमी ती काढून फेको. इथी उन्हाळ्यात दगड तापतेत, पाणी अडवाचं कायले? सोसायटीनं गाडी घेतली तवा मीच काढली होती, अन् 'आता कधीच गरम होणार नाई' असं छाती ठोकून सांगतलंबी होतं. मंग गार पाणी सारखं फिरे अन् इंजन तापेच नाई; शब्द खरा केला मी.

"भाऊ, चोर सापडला," म्हटलं. "मी."

बाई हासली. "मंग बांधू का तुले इथंच नाक्यावर?"

नाकेदाराकडून एक कोरडं पोतं मांगलं. रेडिएटरच्या तोंडासमोर अर्ध्यात बांधलं, म्हणजे गार हवा कमी लागन. प्लग पुसले अन् गाडी पळवली. आलापल्ली गेली अन् काटा हलला. अर्ध्यावर येऊन बसला. वळणावर बैलबंडी आडवी आली, मी गाडी थांबवली अन् श्वास धरला. गाडी अशी उभी राह्यली, जशी झोपलेली म्हैस. थरथर नाई, धूर नाई. बाईनं मांगून माह्या पाठीत धपाटा मारला, तो शाबासकीचा होता असं मी समजलो.

तलावावर सारं गाव उभं होतं. मी घाईत पिशवी फोडाले गेलो तर भाऊ वरडले, "ठेव! आधी पाण्यावर तरंगू दे, अंदरचं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दे. इथी माह्यं गॅरेज आहे." थोड्या वेळानं त्याईनं पहिली पिशवी खोलली. पिल्लं घडीभर एका जागी गोळा झाली, मंग चमकत अशी पांगली का पाण्यावर नुसती रेघ उमटली.

"शेवटची तू सोड, मिस्त्री."

मी ऐटीत चपला घालूनच उतरलो. चिखलात पाय सरकला अन् पिशवी घेऊन मी उथळ पाण्यात आडवा; पिशवी अंगाखाली फुटली. गाव खिदळून राह्यलं. बाई काठावर बसून पोट धरून हासत होती. पिल्लं माह्या बनियनमधून गुदगुल्या करत निघत होती अन् एक एक करून तलावात जाऊन राह्यली होती. सारी जिती. मी काई उठलो नाई. शेवटचं पिल्लू निघेपर्यंत तसाच पडून राह्यलो.