सावलीतल्या मडक्याची ऊब

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि वाचून झालं की मनातल्या मनात त्यांचं कारण शोधून काढते. वारा, अपुरी झोप, ताप, भास... काहीतरी सापडतंच. मी कॉलेजात इतिहास शिकवते. पुरावा नसेल तिथे गप्प बसावं, असं मुलांना सांगते. म्हणून हे लिहायला इतका वेळ लागला. पुरावा माझ्याकडेही नाही.

आम्ही जानेफळचे, तालुका मेहकर. सात वर्षांपूर्वी आम्हाला मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. नाव ठेवायचं राहूनच गेलं. एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. मी अजून मेहकरच्या दवाखान्यात खाटेवर होते. हे — माझे यजमान — आणि सासरे तिला घेऊन गेले. आईला जागा सांगू नये, ती तिथे जाऊन बसते, असं म्हणतात. मला कोणी सांगितली नाही. विचारायला तोंड उघडायचे आणि दुसरंच काही बोलायचे. पण गावात कुठेही चालताना, ओढ्याच्या काठाने, मसनवट्याच्या बाजूने, माझी नजर जमिनीवरच असायची. इथे असेल का... की इथे?

गेल्या हिवाळ्यात संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालपासून जवळच, एका पांढरीवर उत्खनन चाललं होतं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून तिथली माती पांढरट झालेली असते. ही वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची. त्यांना तांबं ठाऊक होतं, लिहिणं नव्हतं. सुट्टीत मी मदतीला गेले होते. माझ्या चरात, म्हणजे खोदायला आखून दिलेल्या चौकोनी खड्ड्यात, गावातल्या कमलाबाई होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या.

“मॅडम, दात घासाचा बुरुश घेऊन माती घासून राह्यलो आपण,” त्या म्हणायच्या. “घरी सांगतलं, त बुढा म्हणे, तिथं पगार देतेत का मंजन?”

एका सकाळी, एका घराच्या चोपून केलेल्या जमिनीखाली, दोन राखाडी मडकी दिसायला लागली. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. उत्खननाचे प्रमुख, आमचे सर, वरून वाकून बघत हळूच म्हणाले, “मूल आहे. ही त्यांची रीत. दगावलेलं लेकरू घरातच पुरायचं, पायाखालच्या जमिनीत.”

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, वर्गात शिकवलंही होतं.

ब्रश बाजूला ठेवून मी मडक्यावर तळवा टेकवला. मडकं उबदार होतं.

जागा नीट सांगते. आम्ही चराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून बसलो होतो. सकाळचं ऊन तिथे पोचत नाही. बोटं गारठलेली होती, शेजारची माती गार होती, हातभर अंतरावरचं दुसरं खापरही गार होतं. हे मात्र उबदार... अंगावर घेतलेल्या लेकराची पाठ असते तसं.

मी काहीच न सांगता कमलाबाईंना म्हटलं, “जरा हात लावून बघा.”

त्यांनी तळवा नाही लावला. पोराच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात लावला, थोडा वेळ ठेवला आणि म्हणाल्या, “ताप हाय हिले.”

सर खाली उतरले, त्यांनीही हात लावला. “गारच आहे की.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “जेवून घ्या तुम्ही. आज उचलायचं नाही, उद्या बघू.”

ते गेल्यावर मी कमलाबाईंना विचारलं, “‘हिले’ कशावरून म्हणालात? एवढ्या लहान हाडांवरून मुलगा की मुलगी सांगता येत नाही.”

“मले काय माहीत. आलं तोंडात.” त्या माती भरत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “तुमची कुठी हाय?”

माझ्या मुलीबद्दल मी तिथे कोणाशीही बोललेले नव्हते.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“इचारलं नाही?”

“नाही.”

“मंग इचारा ना, बाई. बाप हाय ना तिचा?”

दुपारी बाभळीखाली उभी राहून मी घरी फोन लावला. “अहो, आपली पोर कुठे आहे?”

कोणती पोर, असं त्यांनी विचारलं नाही.

“पडवीत,” ते म्हणाले. “बाबा मसनवट्यात नेऊ म्हणत होते. मी म्हटलं, एवढीशी पोर, तिथं एकटी नाही ठेवत मी तिले. मागच्या पडवीत, कोपऱ्यात.”

आमच्या घरात सगळीकडे फरशी आहे. मागच्या पडवीचा एक कोपरा तेवढा मातीचा राहिला आहे. फरशी कमी पडली, असं हे सांगायचे, आणि मी दर दिवाळीला त्यावरून बोलायचे. रोज सकाळी ते चहा घेऊन तिथेच बसतात, खुर्ची असताना, खाली.

“तुले सांगणार होतो,” ते म्हणाले. “रोजच सांगणार होतो.”

दुसऱ्या दिवशी मडकी उचलली. मी आणि कमलाबाई, दोघींनी पुन्हा हात लावून पाहिला. गार होती, कुठल्याही मडक्यासारखी. कमलाबाई म्हणाल्या, “उतरला ताप,” आणि टोपली उचलून चालू लागल्या.

माती ऊन धरून ठेवते, लेकरू गेलेल्या बाईचे तळवे फसवतात, कमलाबाईंनी माझा चेहरा वाचला असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. पण ऊन तिथे नव्हतंच, आणि हात एकटा माझा नव्हता. तीन हजार वर्षांपूर्वी कोणी एका बाईने आपलं लेकरू दूर जाऊ दिलं नाही, एवढंच मला नक्की माहीत आहे. तिची मी ऋणी आहे.

घरी परतले त्या सकाळी मी कोपऱ्यातल्या मातीवर हात ठेवला. गार होती, मातीसारखीच. मी ती शेणाने सारवली. वाळेपर्यंत हे चहाचे कप घेऊन उभे राहिले, मग आम्ही दोघं खाली बसलो. फरशीवर, कोपरा मध्ये ठेवून.