अमृतच्या आवाजावर आम्ही ट्रकमध्ये चढलो

अमृत आमच्या तिसगावजवळच्या वस्तीवरचा. त्याची आई राहीबाई आणि मी एकाच टोळीत ऊस तोडायचो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा, अशी आमच्यात मोजणी. अमृतचा बाप लवकर गेला. राहीबाई अर्धा कोयता झाली.

पोरगा नगरला कॉलेजात गेला आणि कुणाची तरी जुनी गिटार घेऊन आला. मला गाण्यातलं कळत नाही, मेहनतीतलं कळतं. तारांनी बोटं सोलली तरी तो एकच तुकडा सकाळपासून दुपारपर्यंत वाजवायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एक ओळ बसली नाही तर अख्खं कडवं खोडायचा. तिथे त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

‘टायरगाडी’ हे त्याचं पहिलं गाजलेलं गाणं, ऊस वाहणाऱ्या बैलगाडीवरचं. ड्रम, गिटार आणि वर त्याचा खरखरीत आवाज. पुण्याच्या पोरांनी ते मोबाईलवर उचललं. मग ‘अर्धा कोयता’ आलं. ते आईवर होतं. राहीबाईने उसाच्या फडात ऐकलं आणि म्हणाली, “मला इचारलं न्हाई त्यानं. पन खोटं न्हाई लिवलं.”

तिसरं ‘आधी भाव सांग’. त्या वर्षी तोडणीचा भाव वाढावा म्हणून कोयता बंद होता. दसरा उलटला तरी गाड्या रिकाम्या उभ्या होत्या. अमृत सभेला आला, टेम्पोवर उभा राहून गायला आणि सगळं मैदान त्याच्यामागे गायलं.

टोळ्या नेणारे मुकादम रोज नवी थाप आणायचे. भाव वाढला, शेजारची टोळी निघाली, तुम्हीच मागे राहिलात. म्हणून आम्ही ठरवलं, मुकादमाचं ऐकायचं नाही. अमृतनेही सभेत शब्द दिला, “भाव मिळाला की मीच नवं कडवं गातो. तवर हलू नका.”

एका सकाळी आमचा मुकादम गोरक्ष जीपवर कर्णा लावून वस्तीवर आला. कर्ण्यातून अमृत गात होता. चाल तीच, कडवं नवं. भाव मिळाला, कोयता उचला.

“माझं नका ऐकू,” गोरक्ष हसला. “तुमच्या अमृतचं ऐका.”

राहीबाईने गाणं पुन्हा लावायला लावलं. “त्याचाच आवाज हाय,” ती म्हणाली आणि पहिलं गाठोडं तिनेच ट्रकमध्ये टाकलं. तिच्यामागे आम्ही चढलो.

कोपरगावकडच्या फडात पोचल्यावर कळलं, भाव जुनाच आहे. कारखान्यांशी बोलणी झालीच नव्हती. आम्ही निघालो हे पाहून बाकीच्या वस्त्याही निघाल्या आणि कोयता बंद मोडला. आगाऊ उचल घेतलेली, ट्रक निघून गेलेला. परत फिरायची सोय नव्हती.

मी अमृतला फोन लावला.

“काका, भाव आज-उद्या ठरतोयच, आधी गाऊन ठेव म्हनले कारखान्याचे लोक.”

“मग ठरायच्या आधीच का वाजवलं?”

“त्यांनी वाजवलं.”

“त्यांच्या हातात कुनी दिलं?”

“माज्या नव्या अल्बमला पैसा लावत्यात ते. आन् गाणं हाय काका ते, सरकारी हुकूम न्हाई.”

“आमाला तो हुकूमच वाटला,” मी म्हणालो.

ओळीसाठी कडवं खोडणाऱ्या माणसाने भाव ठरला का, एवढं विचारायचे कष्ट घेतले नाहीत. घेतले नाहीत की घ्यायचे नव्हते, ते त्यालाच ठाऊक. अल्बम निघाला. गाजला. त्यात मेहनत कमी नाही, हेही खरं.

संक्रांत झाली आणि अमृतने आईला न्यायला गाडी पाठवली. ड्रायव्हर बांधावर उभा राहिला.

“मावशी, चला. दादांनी नगरला फ्लॅट घेतलाय.”

राहीबाई उसाच्या हिरव्या शेंड्यांची, वाढ्यांची मोळी बांधत होती. “ही समदी मी चढले म्हनून चढली,” ती म्हणाली. “आता मीच उतरू व्हय?”

गाडी परत गेली. भाव जुनाच आहे हे कळल्यापासून टोळीतल्या बायका तिच्याशी धड बोलत नव्हत्या. त्या दिवशीही कुणी बोललं नाही.