सात जणांनी वाचलेलं पुस्तक

चिटणिसांनी ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचं माझं नाव पुसलं. सगळ्यांसमोर. पुस्तकाचं नाव तसंच ठेवलं. माझ्या नावाच्या जागी वकीलसाहेबांचं नाव लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पुस्तक बराबर हाय रे तुझं. पण तुझ्या नावानं कोण घरी नेईल?"

बैठक हसली. वकीलसाहेबही हसले. नाव आयतं मिळालं होतं, त्यांना काय.

हे नवीन जालन्यातल्या एका वाचनालयातलं. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी महारवाड्यातला, तिथं पुस्तकं बांधायचो. व्हरांड्यात बसून खळ लावायची, दोऱ्यानं शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. बांधता बांधता वाचायचो. घटना आली म्हणून मला सभासदही करून घेतलं होतं. कुणी साहेब तपासायला आला तर दाखवायला एक असावा. बसायचं मात्र उंबऱ्याबाहेर. माझ्या हातची खळ चालायची. तीच पानं हे लोक बोटाला थुंकी लावून उलटायचे आणि तेच बोट पुन्हा जिभेला लावायचे. विटाळ फक्त माझ्या नावाचा होता.

दर रविवारी बैठक. आपण वाचलेलं एक पुस्तक इतरांना सांगायचं आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर ते आपल्या नावासकट लिहायचं. फळा बघून लोक पुस्तकं घरी न्यायचे. त्या रविवारी मी पहिल्यांदा उठलो होतो. पायी मुलूख फिरलेल्या एका माणसाचं ते पुस्तक. ज्या ज्या घरी त्याला पाणी मिळालं, त्या त्या घरच्या माणसाचं नाव त्यानं लिहून ठेवलेलं. मला ते इतकं आवडलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. एवढंच माझं पाप.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिला अक्षरओळख नव्हती.

"वाचलं तुमी, नाव त्यांचं. अन् तुमी गुपचूप उठून आलात?"

मी म्हटलं, पोटाचं काम आहे.

"काम हातानं करता न्हाई का? मंग तोंड कामून बंद ठिवलं?"

मला वकिलापेक्षा माझीच चीड आली.

त्याच आठवड्यात वकीलसाहेबांनी सुचवलेलं एक जाडजूड तत्त्वज्ञानाचं पुस्तक माझ्याकडं बांधायला आलं. रीत अशी होती की नवीन पुस्तक आधी बैठकीतल्या मंडळींच्या घरोघर फिरायचं. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर 'वाचले' लिहून सही करायची, मग ते माझ्याकडं यायचं. तेव्हा बरीच पुस्तकं छापखान्यातून पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्यानं सुरीनं कापत कापत पुढं जायचं. ह्या पुस्तकावर सात सह्या होत्या. पहिली वकीलसाहेबांची. 'वाचले. अत्यंत मननीय.' आणि सोळाव्या पानापुढं एकही पान कापलेलं नव्हतं.

सात घरचा पाहुणचार खाऊन पुस्तक जसंच्या तसं परत आलं होतं. मी हसलो. खूप हसलो. ह्यांच्या विद्वत्तेपुढं मी इतकी वर्षं वाकत होतो! दिव्याखाली अंधार म्हणतात. इथं दिवाच नव्हता.

रविवारी वकीलसाहेब त्याच पुस्तकावर बोलायला उभे राहिले. शेवटचं प्रकरण वाचताना डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. बाकीच्या सहा माना डोलल्या. मी उंबरा ओलांडला, आत गेलो आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"ते शेवटचं प्रकरण जरा वाचून दाखवा, साहेब."

त्यांनी पुस्तक उघडलं. पानं सुटेनात. बोटाला थुंकी लावली, तरी सुटेनात.

चिटणीस ओरडले, "पानं कापायचं काम तुझं हाय! काप जल्दी, अन् बाहेर हो!"

"बांधायचं काम माझं. वाचायचं तुमचं होतं. ते पण मीच करू का?"

"माजलाय," मागून कुणीतरी म्हणालं. वकीलसाहेब नखानं पानं सोडवतच राहिले.

माफी माग, काम राहील, असं चिटणिसांनी दोनदा सांगितलं. मी मागितली नाही. काम गेलं. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी उपसली. पश्चात्ताप तेव्हा झाला नाही, आजही नाही. त्या लोकांचा आता रागही येत नाही. राग यायला समोरचा तेवढ्या लायकीचा लागतो.

पुस्तकं मी अजून सांगतो. वस्तीच्या चावडीत सांगतो, जिनिंगच्या फाटकाशी हमालांना सांगतो, तीर्थपुरीच्या बाजारात ओळख निघाली तर तिथंही सांगतो. वाचलेलंच सांगतो. माझ्या नावानं सांगतो, दुसऱ्याच्या तोंडी घालत नाही. ज्याला माझ्याकडून ऐकायचं नसेल, त्यानं खुशाल अडाणी राहावं.