भोपळे चारच होते

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी बदकं धरायचे. बंदुकीने नव्हे, भोपळ्यांनी. वाळलेल्या भोपळ्यांना डांबर फासायचं, दगड बांधून ते तलावात सोडायचे. दुरून वाटावं थवाच बसलाय. मग तोंडाशी ओंजळ धरून हळदीकुंकू बदकाचा आवाज काढायचा, आणि बदक हातभरावर आलं की पाण्याखालून त्याचे पाय धरायचे. शिकारीवर बंदी आली आणि ते सुटलं. मी अमळनेरला शिक्षिका झाले आणि पक्षी मोजायचा नाद लावून घेतला. बापाने धरायचे, लेकीने मोजायचे, असा आमच्या घरचा उफराटा न्याय!

यंदा हिवाळ्यात आबा हट्टाला पेटले. "एकदाव बलाई पाहू दे, पोरी. मन्हा आवाज अजून चालस का नही, इतलंच पाहनं शे." धरणार नाही, असंही कबूल केलं. त्यांचा जीव त्यात अडकलाय हे दिसत होतं, म्हणून मी नेलं.

एरंडोलजवळच्या एका तलावावर उजाडताना पोचलो. भोपळे सात आणले होते, त्यातले तीन एसटीत फुटले. आबांना सांगितलं नाही, उगाच ड्रायव्हरचा उद्धार झाला असता. उरलेले चार मीच, त्यांनी शिकवलं तसे सोडले, मधे बदकांना उतरायला मोकळी जागा ठेवून. मग आम्ही लव्हाळ्यात बसलो. काच चमकते म्हणून त्यांनी चष्मा पिशवीत टाकला. कान तर केव्हाच मंद झालेत.

त्यांनी साद घातली. थांबले. पुन्हा घातली. बदकं वळली की गप्प बसायचं, पाठ फिरवली की बोलवायचं, हा त्यांचा नियम. पण आता ती वळताना त्यांना दिसत नव्हती. मला दिसली. तीन बदकं वाऱ्यावर तरंगत आली आणि भोपळ्यांत बसली. मी आनंदाने ओरडणारच होते, तेवढ्यात आबांचा उजवा हात हळूच पाण्यात शिरला. सर्वात जवळचं बदक हातभरावर होतं.

"सात दिसतस. म्हंजे आपलाच भोपये," आबा पुटपुटले. "उनात का वं काही?"

बदकं आली हे खरं सांगावं तर हात पुढे जाईल, नाही सांगावं तर त्यांचा आवाज हरेल.

"नही आबा. भोपयेच शेत."

ते पुन्हा साद घालत राहिले, जीव तोडून. बदकं बिचारी त्याच आवाजाला भुलून तिथेच चरत होती. शेवटी आबांनी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला. "ग्या मन्हा आवाज," म्हणाले. ते पाठ फिरवून निघाल्यावर बदकं उडाली, आणि भोपळे मीच गोळा करून बांधून टाकले.

दोन दिवसांनी त्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात ज्वारी. पूर्वी बदक हाताशी यावं म्हणून ते असेच दाणे सोडायचे. मग त्या सकाळी ते बदकांना चारत होते, की धरणार होते? मला अजून कळत नाही. आपण एका गुन्ह्यापासून त्यांना वाचवलं की त्यांच्यावरच गुन्हा केला, तेही कळत नाही. विचारायला गेलं तर आधी स्वतःचं खोटं कबूल करावं लागेल.

परवा ओट्यावर धीर करून म्हटलं, "आबा, तो आवाज काढी दाखाडा ना एकदाव."

"कोनासाठी वं? आते कोनी येत नही."

तीन आली होती, एवढंच बोलायचं होतं. मी चहा आणायला आत गेले.