काच पारखणारे टेस्टर

"बूड बघू द्या," म्हणत ते समोरची काचेची वस्तू उलटी करत. वस्तू कोणाची, तिच्यात काही आहे का, हे प्रश्न त्यांना नंतर पडत. एका लग्नात त्यांनी सरबताचा पेला असाच उलटा केला आणि सगळं सरबत माझ्या नव्या पँटवर सांडलं. "माफ करा डॉक्टर," ते म्हणाले, पण नजर पेल्याच्या बुडावरच होती. "साधाच निघाला."

मी डॉक्टर नव्हतो. भूम तालुक्यात, ईटच्या पलीकडे एका गावात, जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. पण हातात सुई असलेल्या प्रत्येकाला तिकडे डॉक्टर म्हणत. दवाखान्याला लागूनच सहकारी दूध संघाचं केंद्र होतं. तिथे हे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट तपासायचे, म्हणून सगळे त्यांना टेस्टर म्हणत. मीही तसंच म्हणत आलो.

उंच, किडकिडीत माणूस. फॅट काढायला अ‍ॅसिड लागतं, त्याचे पांढरे डाग बोटांवर कायमचे पडलेले. शर्टाच्या खिशात एक भिंग. नवा माणूस समजायचा की हे घड्याळं दुरुस्त करतात.

काचेचा नाद त्यांना बहात्तरच्या दुष्काळात लागला. त्या साली कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून ते आईवडिलांबरोबर पाझर तलावाच्या कामावर गेले. तलावाची जागा एका पडक्या गढीच्या पायथ्याशी होती. गढीवरून कधीकाळी फेकलेलं अडगळीचं सामान तिथल्या मातीत मिसळलेलं होतं. खणताना त्यांच्या कुदळीला एक काचेचा तुकडा लागला. तळहाताएवढा, लालभडक, कडेला झालरीसारख्या चुण्या असलेला. मुकादम म्हणाला, "फेक तिकडं, कुणाच्या तरी पायात घुसंल." यांनी तो टॉवेलात गुंडाळून घरी आणला.

पुढे पुन्हा कॉलेजात गेल्यावर त्यांनी तो रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवला. प्राध्यापकांनी तो उजेडात धरला आणि सांगितलं, हा लाल रंग सोन्यानं आलेला असणार. काच वितळवताना तिच्यात सोन्याचा अंश घालतात.

"मुरमाच्या ढिगाऱ्यात सोनं, डॉक्टर! आन् आमी त्याच ढिगाऱ्यावर बसून मिलोची भाकर खात होतो," हे सांगताना ते हसायचे. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना ते हसू कळेल.

मग हैदराबादच्या रविवारच्या बाजारात त्यांना रद्दीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची पंचवीस-तीस पानं नव्हती, त्यामुळे पुस्तकाचं नाव आणि लेखक त्यांना कधीच कळले नाहीत. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या शोभेच्या काचेवरचं ते पुस्तक होतं. शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी ते दोन वर्षांत वाचून काढलं.

आता हा विलायती माल आमच्या दुष्काळी भागात कसा आला, असं तुम्ही विचाराल. निजामाच्या राज्यातल्या जहागीरदारांनी तो मुंबईहून, हैदराबादहून हौसेनं आणला होता. फुलदाण्या, वाडगे, अत्तरदाण्या. जहागिऱ्या गेल्या, माल भंगारात गेला आणि भंगारातून कुठेही पसरला. ईटच्या एका न्हाव्याकडे दाढीच्या पाण्याची वाटी म्हणून जी होती, ती फिकट गुलाबी काचेची साखरदाणी होती. टेस्टरांनी त्याला स्टीलच्या दोन नव्या वाट्या देऊन ती घेतली. न्हावी अनेक दिवस लोकांना सांगत होता, टेस्टर भला माणूस आहे पण जरा येडा आहे.

असे सतरा नग त्यांच्याकडे जमले होते. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली गव्हाच्या भुसकटानं भरलेलं एक लाकडी खोकं. त्यात सगळी काच. वहिनी मला चहा देताना म्हणायच्या, "घरात पाणी प्यायला तांबे दोन आन् ह्यांच्या काचा सतरा. पोरीला सांगून ठेवलंय, खोक्यापाशी पळायचं न्हाय."

पण एकदा टेस्टर घरी नसताना मी सहज एक फुलदाणी उचलली, तर वहिनी चुलीपासून न उठताच म्हणाल्या, "दांडीला धरू नका, भावजी. ती मागून चिकटवलेली असती." मी चटकन खाली हात लावला.

तुळजापूरची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकलेली आहे. तिथे देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कुंकवाच्या दुकानात हिरवट पिवळा, कंगोऱ्याच्या काठाचा वाडगा होता. सोलापूरची पहिली गाडी यायच्या आधी, सूर्य उगवण्यापूर्वीच्या निळसर उजेडात, त्या वाडग्याचा काठ आतून दिवा लावल्यासारखा उजळतो, हे टेस्टरांनी रस्त्यावरून पाहिलं आणि ते तिथेच थांबले. काचेत युरेनियम घातलं की असं होतं, हे त्यांना पुस्तकानं सांगितलं होतं.

"बूड बघू द्या," ते दुकानदाराला म्हणाले.

"बूड बघायचं तर आधी वाडगा रिकामा करा. घ्या कुंकू."

यांनी वाडग्यातलं सगळं कुंकू विकत घेतलं. बुडाशी पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची बारीक खूण निघाली, कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे. विलायतेत नक्षीची नोंदणी झाली की तशी खूण उमटवत, आणि अक्षरांवरून साल कळतं. टेस्टरांनी तिथेच उभ्या उभ्या साल काढून दाखवलं. दुकानदाराला कौतुक वाटलं, पण वाडगा द्यायला तो तयार झाला नाही. आजोबांपासूनची पहिली विक्री त्यातूनच होते, म्हणाला. टेस्टरांनीही पुन्हा विचारलं नाही. दरवर्षी एकदा ते तुळजापूरला जात, पहाटेच्या उजेडात तो वाडगा बघत आणि परत येत.

"कुंकवाचं काय केलंत?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांना वाटलं. ही म्हणाली, बौद्धाच्या घरातून पाव पाव किलो कुंकू वाटणारे तुम्ही पहिलेच."

दुधाच्या रांगेत मात्र त्यांचं इतकं कौतुक नव्हतं. फॅट कमी लागली की माणूस म्हशीवर संशय घेत नाही, तपासणाऱ्यावर घेतो. "टेस्टर, कालची फॅट कुठं गेली?" हा रोजचा प्रश्न होता. अण्णा नावाचे एक वयस्कर शेतकरी तर आपल्या कॅनचं झाकण स्वतःच उघडत, माप स्वतःच बुडवत आणि टेस्टरांच्या हातातल्या नळीत वरून दूध सोडत. त्यांच्या कॅनला टेस्टरांचा हात लागता कामा नये, हे साऱ्या रांगेला ठाऊक होतं. टेस्टर नळी पुढे धरत आणि म्हणत, "खुणेपर्यंत सोडा, अण्णा."

मी एकदा विचारलं, राग येत नाही का.

"येतो ना. पण रागात आकडा चुकतो."

पावसानं दगा दिलेल्या सालांपैकीच एका सालचा उन्हाळा होता. जिल्ह्याच्या दूध संघाच्या चेअरमनांची संकरित गाय आजारी होती, म्हणून मी त्यांच्या नव्या बंगल्यावर गेलो होतो. दिवाणखान्यात दहा-बारा मंडळी बसलेली. मधल्या टेबलावर एक लाल फुलदाणी, हातभर उंच. हैदराबादच्या एका व्यापाऱ्यानं ती जहागीरदाराची, विलायती, तोंडानं फुंकून केलेली म्हणून दिली होती. आठवड्यानं मुंबईहून एक पुढारी येणार होते आणि चेअरमन ती त्यांना भेट देणार होते. कोणीतरी टेस्टरांचं नाव काढलं आणि जीप पाठवून त्यांना आणवलं.

एक गोष्ट सांगायला हवी. टेस्टर सात वर्षं हंगामी होते. त्यांना कायम करण्याचा ठराव संघाच्या पुढच्याच बैठकीत येणार होता, आणि बैठक चेअरमनांची होती.

"सांगा टेस्टर, कशी आहे चीज?" चेअरमन म्हणाले.

टेस्टरांनी फुलदाणी उलटी केली. भिंग काढलं. बूड पाहिलं, अंगावरून अंगठा फिरवला, काठ पाहिला. मी त्यांच्याकडे बघत होतो. एक शब्द, नुसतं 'छान आहे' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"साहेब, ही नवी आहे," ते म्हणाले. "साच्यातली. जोड घासून काढलाय, पण अंगठ्याला लागतो. रंग वरून चढवलाय, काठाला उडालाय बघा. आणि शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या काचेच्या बुडाला कसेही ओरखडे असतात. हे सगळे एकाच दिशेनं आहेत. पॉलिश पेपरनं घासलंय."

चेअरमनांचा चेहरा उतरला. "हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं व्हय?"

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, साहेब."

परतीला जीप मिळाली नाही. आम्ही दोघं चालत निघालो. मी चिडलो होतो. म्हटलं, एक दिवस खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? त्यांनी चालता चालता भिंग रुमालानं पुसून खिशात टाकलं. मग म्हणाले, "भीती वाटली होती, डॉक्टर. पण जोड अंगठ्याला लागला होता ना."

बंगल्यावरची हकीकत दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत पोचली होती. त्या दिवसापासून एक बदल मी पाहिला. टेस्टर आकडा सांगत आणि माणूस कॅन उचलून चालू लागे. चेअरमनच्या तोंडावर खरं बोलणारा आपल्या म्हशीशी कशाला खोटं बोलेल, असा लोकांचा हिशेब होता.

कायम करण्याचा ठराव त्या बैठकीत आला नाही. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, तोही जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आताच्या लोहारा तालुक्यात माकणीला. मुलीची शाळा इथली, वहिनींचं शिवणकाम इथलं. वहिनींनी हुकूम दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "खोक्यात भुसकट जास्त घालावं लागंल. रस्ता लांबचा हाय."

नवा टेस्टर रुजू झाला त्या सकाळी रांगेत कॅन होते, पण दूध कोणी घालेना. सगळ्यांत पुढे अण्णा होते. "आमचे टेस्टर आल्याबिगर म्या दूध घालत न्हाय," ते म्हणाले आणि कॅनवर हात ठेवून उभे राहिले. ऊन वर चढायला लागलं. नवा पोरगेला टेस्टर रडकुंडीला आला. शेवटी मीच टेस्टरांना घरून घेऊन आलो. ते सामान बांधत होते, अंगावर बनियन होता, तसेच आले.

"अण्णा, दूध नासंल."

"नासू द्या."

"माझ्यापायी नासलं तर मला माकणीत झोप लागायची न्हाय. घाला दूध. हा पोरगा चांगला आहे, मी त्याच्या नळ्या बघितल्यात."

अण्णांनी कॅनवरचा हात काढला आणि दोन पावलं मागे सरकले. "मग झाकण तुमीच उघडा," ते म्हणाले. "आजचा नमुना तुमी काढा."

टेस्टरांनी झाकण उघडलं, माप बुडवलं, नमुना काढला. अण्णांच्या मागून बाकीच्यांनी दूध घातलं. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. खोकं टपावर न ठेवता त्यांनी मांडीवर घेतलं होतं, त्यामुळे खिडकीतून त्यांना हातही हलवता आला नाही.

माकणीहून त्यांची पत्रं येत. तिथे धरणाचं काम चालू होतं, घरं उठत होती आणि उठणाऱ्या घरांतून जुन्या वस्तू बाहेर पडत होत्या. कोणी काही दाखवायला आणलं की ते खरं काय ते सांगत आणि वस्तू परत देत. घर सोडून जाणाऱ्याकडून काही घ्यायला मन होत नाही, असं त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं. पुढे माझीही बदली झाली आणि पत्रं विरळ होत गेली.

ते गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. केंद्रावरच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कायम ते कधीच झाले नाहीत. मी माकणीला गेलो तेव्हा वहिनी शिवणाच्या मशीनवर होत्या. खोकं दिसत नव्हतं. मी इकडेतिकडे बघतोय हे त्यांना कळलं.

"शाळेला दिलं त्यांनी, मागच्या पावसाळ्यातच. पोरांनी बघावं म्हणाले. जाऊन या, भावजी."

शाळेत प्रयोगाच्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट होतं. सतरा नग ओळीनं मांडलेले. प्रत्येकासमोर पुठ्ठ्याची एक चिठ्ठी, त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात. वस्तू काय, कशी केली, अंदाजे कधीची, कोणाकडून मिळाली. मी एकेक वाचत गेलो. शेवटी, खालच्या फळीच्या कोपऱ्यात, एक छोटी निळी वाटी होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'माहीत नाही.'

खाली दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या.