बापूंच्या नावावर थांबलेला मोर्चा

आमच्या माधव नगरच्या गल्लीत विमान चालवणारा माणूस राहतो, हे आम्ही पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचो. शैलेंद्र त्याचं नाव. वय चाळिशीच्या पुढे, भांग सरळ आणि स्वभाव त्याहून सरळ. इंदूरहून विमान उडवायचं आणि सुट्टी मिळाली की उज्जैनला येऊन आईच्या हातचे पोहे खायचे, वर शेव जास्त. लग्नाचं विचारलं की मोबाइलवर ड्यूटीचा तक्ता दाखवायचा. दूधवाला त्याला रोज एक प्रश्न विचारी. एकदा म्हणाला, "भैया, जहाज में हॉर्न होता है क्या?"

शैलेंद्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "होता है. नीचे खड़े आदमी को बुलाने के काम आता है."

"फिर तो अपनी सायकिल जैसा ही है," म्हणत दूधवाला खूश होऊन गेला.

सरळ म्हणजे किती सरळ, तर फ्रीगंजात अख्खं उज्जैन लाल दिव्यातून निघून जात असतं, तेव्हा हा एकटा गाडी बंद करून उभा राहतो आणि मागचे लोक त्यालाच शिव्या घालतात. ह्याच सवयीनं त्याचा घात केला. गेल्या हिवाळ्यात धुक्यानं विमानं रखडली. ह्याचे ड्यूटीचे तास संपले होते, तरी कंपनी म्हणाली, अजून एक फेरी कर. हा नाही म्हणाला. "माझे डोळे मिटताहेत आणि मागे दीडशे माणसं बसलीत," एवढं बोलून बॅग घेऊन खाली उतरला. कंपनीनं त्याला घरी बसवलं आणि चौकशी समिती नेमली. प्रवाशांना कोणी सांगितलं नाही की हा उतरला म्हणून तुम्ही धड पोचलात. त्यांनी त्याचे व्हिडिओ काढले.

घरी माई आणि बापू. बापू बँकेतले, मूळचे साताऱ्याकडचे. बदलीवर इथे आले आणि परतीची बदली मागायची विसरले, असं तेच सांगायचे. बँकेत असताना युनियनच्या प्रत्येक मोर्चात पुढे. मुलाला घरी बसवलं तेव्हा ते अजिबात खचले नाहीत. उलट दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे विचारत राहिले, "तुमची युनियन काय करतेय?"

तर युनियन म्हणजे आदित्य. वैमानिकांच्या संघटनेचा सचिव, इंदूरचा मराठी मुलगा, ट्रेनिंगमध्ये शैलेंद्रच्या खोलीवर राहिलेला. महाकालच्या दर्शनाला आला की मुक्काम ह्यांच्याकडेच. माईच्या साटोऱ्या खाऊन झाल्यावर डबा भरून न्यायचा आणि डबा कधी परत आणायचा नाही. तेव्हा आम्हाला ते कौतुकाचं वाटे.

आदित्यनंच बेत आखला होता. समिती ज्या सकाळी निकाल ठरवायला बसणार, त्याच सकाळी दिल्लीत कंपनीच्या दारात सगळे वैमानिक गणवेशात, दंडाला काळी फीत लावून उभे राहणार. माईच्या ओसरीवर बसून तो म्हणाला होता, "खाली शंभर टोप्या दिसल्या, की वर बसलेल्यांना एकाला काढायची हिंमत होत नाही." सगळं त्या एका सकाळवर होतं. एकदा बडतर्फीचा शिक्का लागला की दुसरी कंपनी दारात उभं करत नाही, हे शैलेंद्रनंच मला सांगितलं होतं. मी फार खोदल्यावर.

बापूंचं हृदय तोवर कुरकुरायला लागलं होतं. एक दिवस मी कढी घेऊन गेले, तर फोन स्पीकरवर आणि बापू आदित्यशी बोलत होते. "आमचं हृदय संपावर जायचं म्हणतंय, आदित्य. ते गेलं तरी तुमचा मोर्चा थांबवू नका. सुतक घराला असतं, संघटनेला नसतं."

पलीकडून आदित्य हसला. "बापू, तुम्हीच तर पुढे चालायचंय."

मला बघून बापू म्हणाले, "सुलभाबाई, तुम्ही साक्षीला आहात. नाहीतरी सगळं ऐकताच तुम्ही." कढी बरी झाली होती, असंही म्हणाले. ते मात्र खोटं होतं, मीठ राहिलं होतं.

वैशाखात बापू गेले. चक्रतीर्थाच्या स्मशानातून शैलेंद्र मुंडण करून परतला तेव्हा ओळखू येईना. समितीची तारीख नेमकी सुतकात येत होती. पण त्याचं दिल्लीला जायचं ठरलेलं होतं. गणवेश इस्त्रीला टाकायला त्यानं माझ्याच हाती दिला होता.

तिसऱ्या दिवशी आदित्य हार घेऊन आला. सतरंजीवर माईजवळ बसला, डोळे पुसले. मग म्हणाला, "माई, आम्ही निदर्शनं पुढे ढकलली. बापूंच्या आदरापोटी. सगळ्यांना कळवलंसुद्धा."

शैलेंद्रनं मान वर केली. "आणि समिती?"

"तीही पुढे जाईल. मी बोललोय वर. एवढी माणुसकी त्यांनाही आहे, यार."

"मी येतो ना दिल्लीला. डोक्यावर टोपीच असते."

"सुतकातल्या माणसाला आम्ही घोषणा द्यायला उभा करू? लोक काय म्हणतील आम्हाला?"

"बापू म्हणाले होते, थांबवू नका. तूच होतास फोनवर."

आदित्यनं माईंकडे पाहिलं. बोलल्या त्या माई. "ते थट्टेत म्हणाले रे. गेलेल्या माणसाची थट्टा कोणी खरी करतं का? इतकी मोठी माणसं तुझ्या बापासाठी थांबली. तूही तेरावं होईपर्यंत थांब."

माई बोलल्यावर विषय संपला. मीसुद्धा साक्षीदार असून मान हलवली. शोकाच्या घरी भेटायला आलेल्याला उलटं विचारायचं नसतं, अशीच आमची सगळ्यांची वळणं. आदित्य उठला आणि 'येतो' न म्हणता गेला. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. माई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "रीत पाळतो हो अजून."

आणि मी? माझ्या तोंडाला चाकं फुटली. विमानवाल्यांचा मोर्चा आमच्या बापूंसाठी थांबला, हे मी फ्रीगंजच्या किराणेवाल्याला सांगितलं. भैरवगढला चादरी घ्यायला गेले तर तिथे कापडावर ठसे मारणाऱ्या माणसालाही सांगितलं. त्यानं हात थांबवून म्हटलं, "बड़े लोग हैं." मी म्हटलं, हैं ना.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. इंदूरहून अपूर्वा आली. धुक्याच्या त्या दिवशी विमानात शैलेंद्रच्या शेजारी बसलेली वैमानिक हीच. पानावर बसली आणि हळूच म्हणाली, "सर, एक बोलू? तुम्ही निदर्शनं थांबवायला नको होती."

"मी?"

"म्हणजे माईंनी. आदित्य सरांनी सांगितलं, माईंनी हात जोडले म्हणून. घरात मृत्यू झालाय, आमच्या नावाचा तमाशा नको. त्यामुळे आम्ही कोणी तुम्हाला फोनही केला नाही."

माई श्रीखंड वाढत होत्या. पळी हातातच राहिली. "मी हात जोडले? कुणापुढे?"

अपूर्वाच्या लक्षात आलं. पण आता थांबणं शक्य नव्हतं. समिती ठरल्या दिवशीच बसली होती. दारात चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं संघटनेशी भत्त्यांचा करार केला, त्यात शैलेंद्रचा उल्लेख नाही. आणि आदित्यला ट्रेनिंगचा प्रमुख केलं. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं, सर," ती म्हणाली.

शैलेंद्रनं पानातलं संपवलं. टाकायचं नसतं म्हणून. हात धुऊन आला आणि बापूंच्या फोटोपुढे उभा राहिला. "नोकरी गेली असती तर गेली असती," तो म्हणाला. "ह्यानं गेलेल्या बापूंना कामाला लावलं."

बडतर्फीचा हुकूम त्याच आठवड्यात आला. आदित्यला लावलेला फोन वाजत राहायचा, तो उचलायचा नाही. इस्त्री झालेला गणवेश मी नेऊन दिला, तो माईंनी न बोलता कपाटात ठेवला. शैलेंद्र आता फ्रीगंजात एका क्लासमध्ये मुलांना फिजिक्स शिकवतो. लाल दिव्याला अजून थांबतो. दूधवाल्यानं प्रश्न विचारणं बंद केलंय. दूध देतो आणि खाली बघत जातो.

श्रावणात आदित्य आला. दर्शन आटोपून, कपाळाला भस्म, हातात पेढ्यांचा पुठ्ठ्याचा डबा. माझी खिडकी नेमकी उघडी होती. माई ओसरीवर कोथिंबीर निवडत होत्या. तो बराच वेळ बोलला. वरून दबाव कसा होता, पुढे कधीतरी तो शैलेंद्रसाठी कसं बघणार आहे, सिंहस्थासाठी रस्ते कसे खोदून ठेवलेत आणि गाडी केवढी लांब उभी करावी लागली. शैलेंद्र खांबाला टेकून ऐकत होता. माईंनी एकदाही मान वर केली नाही, पाणीही विचारलं नाही. उज्जैनात पाणी न विचारणं म्हणजे काय, हे इंदूरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

शेवटी तो उठला. "बरंय. येतो, माई."

"तसं म्हणू नकोस," माई म्हणाल्या. "आमच्याकडे सुतक आहे अजून."

एक बूट पायात आणि एक हातात, असा तो उभा राहिला. शैलेंद्रनं फाटक उघडून धरलं, जसं तो सगळ्यांसाठी धरतो.

पेढे माईंनी संध्याकाळी गल्लीतल्या गाईपुढे ठेवले. तिनं पेढे खाल्ले आणि मग डबाही.