वहिनीच्या टाकीतला मोरचूद

हे मी बायकोजवळही कधी बोललो नाही. आता बोलायला बसलोय, तरी वाटतंय — राहू द्यावं.

महागावात माझं कृषी केंद्र आहे. बोंडअळीची ती वर्षं. गिऱ्हाईक दारात आलं की त्याचं ऐकून घेण्याआधीच माझा हात बाटलीकडे जायचा. नको ते उगवलं की मारायचं — त्यात विचार कसला करायचा?

वहिनीचं बाळ आदल्या वर्षी पोटातच गेलं होतं. ती बोलेनाशी झाली, म्हणून दादानं नागपूरहून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. आमच्याकडे समुद्र! आम्ही सगळे हसलो. वहिनी मात्र मीठ मोजून पाणी कालवायला शिकली. टाकीत चुनखडीचे दगड, त्यांवर बोटाएवढी प्रवाळं, थोडे मासे, झिंगे, गोगलगाई. ती पुन्हा बोलू लागली — आधी त्यांच्याशी, मग आमच्याशी.

आणि दगडांवर शेवाळ धरलं. आधी तपकिरी भुकटी, मग हिरवे लांब केस.

"नव्या टाकीत हे येतेच, भाऊजी. भुकटी आपोआप जाते. केसाले दिवा कमी लावाचा, खाणं कमी टाकाचं. धीर धरा लागते."

आणि जुना ब्रश घेऊन ती दगड घासत बसायची. मला ते बघवेना. शेततळ्याचं शेवाळ मोरचूद टाकून घालवणारा माणूस मी — एवढ्याशा टाकीला घाबरू? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही. ती बाजारात गेली, तेव्हा मी मोरचूद विरघळवून ओतला. तिच्यासाठी ओतला, असं म्हणू? नाही. मला फुशारकी मारायची होती.

सकाळी झिंगे उताणे पडले होते. गोगलगाई काचेवरून गळून तळाशी, प्रवाळं पांढरी. मासे तेवढे फिरत होते. वहिनी टाकीकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"साबण राह्यला असन माह्या हाताले."

मी तोंड उघडलं. सांगायलाच उघडलं होतं — आणि म्हणालो, "असन."

माझ्याच तोंडून तो शब्द ऐकून मी हादरलो. तरी परत घेतला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण दादानं नवे झिंगे आणले. वहिनीनं तेच दगड धुऊन पुन्हा मांडले. मोरचूद चुन्याला कसा धरून बसतो, हे मला कोणी शिकवायचं? मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मीच विकतो. दगडांत तो मुरला होता, पाण्यात परत उतरणार होता — मला ठाऊक होतं. मी चहा पीत बघत राहिलो. तेही झिंगे मेले. वहिनी रडली नाही. तिनं उरलेले मासे दादाबरोबर नागपूरला परत धाडले, टाकी पुसली आणि पालथी घातली.

पुढे मला मुलगी झाली. बारशाला मी लेक वहिनीपुढे धरली. तिनं दोन्ही हात पदराआड घेतले.

"माह्या हाती नोका देऊ, भाऊजी. माह्या हातून काही जगत नाही."

घर माणसांनी भरलेलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी लेक माझ्या आईकडे दिली आणि पेढे वाटायला गेलो.

लेक आता शाळेत जाते. वहिनीनं तिला अजून एकदाही उचललेलं नाही.